गाढव कोरलेला नियम

खूप मागची गोष्ट आहे. तेव्हा खाडीच्या काठी एक राज्य होतं. अर्धं राज्य डोंगरावर आणि अर्धं पायथ्याशी. पायथ्याची जमीन खरं म्हणजे समुद्राची. कुठल्या तरी जुन्या पिढीने चिखल आणि दगड रचून लांबच लांब बांध घातला, खारं पाणी बाहेर अडवलं आणि आतल्या जमिनीत भात पिकवलं. राजाच्या कोठारात येणारं बहुतेक भात याच जमिनीतून येई. डोंगरावरच्या लोकांना मात्र वाटे की भात कोठारातून येतं.

बांधात एक लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणत. ओहोटी लागली की उघाडी उघडायची, शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं. भरती लागली की बंद करायची. दरवर्षी कापणी झाली की काठच्या गावांतली माणसं बांधावर जमत, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवत, खचलेल्या जागी चिखल थापत. बांध राजाचा, म्हणून मजुरीही राजाच्या कोठारातून मिळे. मजुरी भाताचीच.

बांधाला अगदी चिकटून एक गाव होतं. तिथली पाटीलकी एका बाईकडे होती. नवरा गेला तेव्हा लोकांनी विचारलं, "आता पाटीलकी कोण बघणार?" ती म्हणाली, "आजवर कोण बघत होतं?" उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं.

पाटलीण अंगाने काटक आणि जिभेने तिखट. गावात तिचं भांडण कुणाशी नव्हतं. तिचं भांडण राजाशी होतं.

राजा दुष्ट नव्हता. दुष्ट राजाशी भांडणं सोपं असतं. हा हौशी होता. ऋण काढून सण करणारा. एका वर्षी त्याने राजहत्तीचं लग्न लावलं. मांडवासाठी डोंगरावरचं सागाचं रान तोडलं. वरातीत नाचणाऱ्यांना, वाजवणाऱ्यांना आणि नुसतं बघणाऱ्यांनाही भात वाटलं. कोठार रिकामं झालं तेव्हा खाडीपलीकडच्या राजाकडून दिढीने आणलं, म्हणजे एक खंडी घ्यायचं आणि दीड खंडी फेडायचं. फेडायची वेळ आली तेव्हा फेडण्यासाठी पुन्हा आणलं. पुढे हत्तिणीला पिल्लू झालं आणि बारशाचा खर्च निघाला.

हे सगळं फेडायचं कुणी? काठच्या गावांनी. राजाचा वाटा दरवर्षी वाढत गेला. एका वर्षी वसुलीचे शिपाई पाटलिणीच्या गावात आले आणि बियाण्याच्या कणग्यासुद्धा गाड्यांवर घालून घेऊन गेले.

पाटलिणीचा दीर अंगणात डोकं धरून बसला. "वहिनी, आता पेरायचं काय?"

"हत्तीच्या लग्नाची पत्रिका पेर," ती म्हणाली. "तेवढी एकच वस्तू राजाने घरोघर दिली आहे."

दुसऱ्या दिवशी काठच्या सगळ्या गावांची माणसं घेऊन ती राजधानीत गेली आणि थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, सूनबाई नांदते ना सुखाने?"

राजा गोंधळला. "कोण सूनबाई?"

"हत्तीण हो. आमचं बियाणं तिच्या आहेरात गेलं, म्हणून चौकशी करते."

मागे उभी असलेली माणसं हसली, पण त्यांचे चेहरे हसरे नव्हते. हे राजाला दिसलं. तो घाईघाईने म्हणाला, "पाटलीणबाई, आम्ही शब्द देतो. यापुढे उसनं आणणार नाही."

"तुमचा शब्द नको. शब्द मागच्या वर्षीही दिला होता. दगडावर कोरून द्या. आणि खाली गाढव कोरा."

दरबारात कुजबुज झाली. त्या राज्यात अशी रीत होती की ज्या नियमाखाली गाढव कोरलं तो नियम पक्का. राजालाही तो मोडता येत नसे. मोडणाऱ्याच्या वंशाला शाप लागे. शाप काय, ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. मुलं विचारत तेव्हा मोठी माणसं म्हणत, "मोठा झालास की कळेल." मोठी झालेली माणसं एकमेकांकडे बघत आणि विषय बदलत.

दरबारात एक म्हातारे शास्त्रीबुवा होते. न्यायनिवाडा त्यांच्याकडे असे. ते उठले. "बाई, तुमचं दुःख खरं आहे. उधळपट्टी थांबलीच पाहिजे. पण नियम काय कोरायचा?"

"सरळ आहे. उसनं आणायचं नाही. वर्षाला कोठारात येईल तेवढंच वर्षाला बाहेर जाईल. एक दाणा जास्त नाही. माझ्या घरात मी हेच करते."

"घरातही माणूस बैल उसनवारीवर घेतो. बैल पुढे कितीतरी वर्षं राबतो. त्याची सगळी किंमत एका वर्षाच्या मापात कशी बसेल? आणि ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्या वर्षी काय?"

पाटलिणीला वाटलं, हा माणूस राजाची बाजू घेतोय. तिने पदर खोचला. "शास्त्रीबुवा, तुमचं पोट भरलेलं आहे म्हणून तुम्हाला प्रश्न सुचतात. माझ्या गावात पेरायला दाणा नाही. एकदा राजाला फट ठेवली की त्या फटीतून हत्ती निघतो. आम्ही बघितलाय."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. शास्त्रीबुवा खाली बसले.

प्रधान मात्र मघापासून शांतपणे ऐकत होता. तो हुशार होता. नियमात काय लिहिलंय त्यापेक्षा काय लिहिलेलं नाही हे त्याला आधी दिसे. तो पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज, बाईंचं म्हणणं रास्त आहे. कोरून टाकू."

कोठाराच्या दारात काळा दगड उभा राहिला. वर नियम, खाली गाढव. पाटलिणीच्या गावाने तिला खांद्यावर घेऊन घरी नेलं.

आता जे चांगलं झालं तेही सांगितलं पाहिजे. पलीकडच्या राजाच्या होड्या येणं बंद झालं. जुनं देणं हळूहळू फिटलं. वसुलीचे शिपाई बियाण्याला हात लावेनासे झाले. बायका जात्यावर पाटलिणीच्या नावाच्या ओव्या म्हणू लागल्या. तिला ते आवडे. नाही कशाला म्हणा? भांडून मिळवलेली गोष्ट होती.

मग लागोपाठ चांगली पिकं आली. कोठार शिगेला लागलं. राजाने सोनेरी अंबारी करवली, हत्तीशाळेला नवं छप्पर घातलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी मोठी मेजवानी देण्याची प्रथा सुरू केली. वर्ष संपताना कोठार झाडून रिकामं.

पाटलिणीला हे खटकलं. कोठाराच्या दारात प्रधान भेटला तेव्हा तिने विचारलं, "अहो, थोडं मागे टाकायचं नाही का? वाईट वर्ष काय सांगून येतं?"

प्रधानाने दगडाकडे बघितलं. "बाई, येईल त्यापेक्षा जास्त जाऊ नये, असं तुम्ही कोरून घेतलंत. आम्ही एक दाणा जास्त घालवलेला नाही. साठवा, असं कुठे कोरलंय?"

कोरलेलं नव्हतं. ती घरी आली.

आणि मग ते वाईट वर्ष आलं. श्रावणात पाऊस जो थांबला तो थांबलाच. भाताच्या लोंब्या पोचट राहिल्या. कोठारात नेहमीच्या निम्मंही भात आलं नाही. नियमाप्रमाणे खर्चही तेवढाच कमी करायचा होता. प्रधान राजासमोर बसला.

"हत्तीचा खुराक?" राजाने विचारलं.

"हत्ती राजचिन्ह आहे, महाराज. राजचिन्ह उपाशी ठेवलं तर शेजारी हसतील."

"शिपायांचं भात?"

"त्यांच्या हातात भाले आहेत, महाराज."

"मग मेजवानी बंद करू," राजा उदास होऊन म्हणाला.

"तशी गरज नाही. आपलं वर्ष शेवटच्या दिवशी सूर्यास्ताला संपतं. मेजवानी सूर्यास्तानंतर करू. म्हणजे ती पुढच्या वर्षात धरता येईल."

"आणि पुढच्या वर्षीची?"

"ती त्याच्या पुढच्या वर्षात."

तसंच झालं. ताटं दुपारीच वाढून ठेवली होती. पाहुणे हात धुऊन पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. सूर्य डोंगराआड गेला आणि राजाने पहिला घास घेतला. नियम मोडला नाही. गाढवालाही बोलायला जागा उरली नाही.

पण एवढ्याने मेळ बसेना. काहीतरी कापायलाच हवं होतं. बांधाला बोलता येत नाही. बांधाच्या हातात भाला नसतो. बांधाची मजुरी कापली.

कापणीनंतर माणसं नेहमीप्रमाणे टोपल्या घेऊन बांधावर जमली. राजाचा माणूस आला आणि म्हणाला, यंदा मजुरी नाही. माणसं पाटलिणीच्या दारात आली.

"वहिनी, दगड तुम्हीच मागितला होता," दीर म्हणाला. "आता दगड खायचा का?"

हे तिला झोंबलं. ती म्हणाली, "बांध राजाचा असेल, शेतं आपली आहेत. फुकट करू." तिने स्वतः पदर खोचून चिखल उचलला. माणसं लाजेकाजेने आली. काही दिवस आली. पण पीक बुडालेलं, घरात खायला नाही, आणि रिकाम्या पोटी चिखल फार जड लागतो. एकेक घर उठलं आणि लाकूडतोडीच्या कामाला डोंगरापलीकडे निघून गेलं. पाटलिणीने कुणाला अडवलं नाही. अडवायचं तर खायला घालावं लागलं असतं.

जी माणसं गेली त्यांची शेतं पडीक राहिली. पडीक शेताचा राजाला वाटा मिळत नाही. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तरी कोठारात भात कमीच आलं. कमी आलं म्हणून प्रधानाने आणखी कापलं. कापलं म्हणून आणखी माणसं गेली. राजधानीत मात्र दवंडी पिटली जात होती की आपल्या राज्यावर कुणाचं एका दाण्याचंही देणं नाही. खरंच होतं ते. दवंडी खोटी नव्हती.

त्या उन्हाळ्यात पाटलीण उघाडी बघायला गेली. दाराच्या चौकटीला तिने कोयता टेकवून थोडा जोर दिला. कोयता लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. ती तिथेच खाली बसली. भोकं बुजवता येतात, चिखल फुकट थापता येतो. उघाडीच्या चौकटीला सागाचे जाडजूड वासे लागतात. आपल्या डोंगरावरचे साग हत्तीच्या मांडवात गेले होते. साग होता तो पलीकडच्या राजाकडे. पाटलिणीने निरोप धाडला तेव्हा तो द्यायलाही तयार झाला. म्हणाला, भात आत्ता नाही तर दोन सुगींनंतर द्या, ओळखीचे आहात.

पावसाळ्यातली मोठी उधाणं यायला थोडेच दिवस होते. घरी सून बाळंत झाली होती. पाळण्यात नातू होता आणि पाळण्यापासून बांध हाकेच्या अंतरावर होता. पाटलीण पुन्हा दरबारात गेली. या वेळी मागे माणसं नव्हती. उरलीच किती होती!

तिने सगळं सांगितलं. राजाने शांतपणे ऐकून घेतलं. हात बांधलेला राजा किती सुखी असतो हे त्याला अलीकडे कळलं होतं. पूर्वी कुणी काही मागायला आलं की नाही म्हणताना त्याला वाईट वाटे. आता तो नुसतं दगडाकडे बोट दाखवी.

"पाटलीणबाई," तो म्हणाला, "आम्हाला द्यायचं मनात आहे हो. पण आमचे हात तुम्हीच बांधलेत. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, त्याला आम्ही काय करणार?"

दरबार हसला. पाटलीण हसणं थांबेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "महाराज, मी चुकले ते पुढे बोलू. उघाडी आधी. ती गेली तर तुमच्या कोठारात यायचं भातच संपेल. मग काय मोजाल? हत्तीची शेपटी?"

शास्त्रीबुवा उठले. त्यांनी तिला टोमणा मारला नाही. मारता आला असता. ते म्हणाले, "महाराज, त्या दिवशी बाईंचा राग खरा होता. उसनं आणून खाऊन टाकणं ही उधळपट्टीच. पण उसनं आणून ज्यातून पुढे पीक येणार ते राखणं ही उधळपट्टी नव्हे. आपण दोन्ही एकाच मापात घातली. नियमाला तेवढा अपवाद जोडायला हवा."

प्रधान म्हणाला, "जोडा ना. पण मग ऐका. आज उघाडीसाठी उसनं आणलं. उद्या कुणीतरी म्हणेल, हत्तीशाळा ही सुद्धा राज्याची उघाडीच आहे. परवा अंबारी. राजाला एकदा फट ठेवली की काय होतं, ते आम्हाला या बाईंनीच शिकवलंय."

पाटलिणीच्या तोंडचे शब्द तिच्याच समोर येऊन उभे राहिले. आणि वाईट हे की ते खोटे नव्हते. हा राजा तसाच होता. ती त्याला चांगली ओळखून होती.

"मग त्या दिवशी मी येईन," ती म्हणाली. "हत्तीशाळा हत्तीशाळाच आहे, हे इथे उभी राहून सांगेन."

"दर वेळी येणार?" प्रधानाने विचारलं. "शेत कोण बघणार? आणि तुमच्यासारखी माणसं उद्या नसली तर? दगड मरत नाही, बाई. माणूस मरतं."

ती म्हणाली, "त्याचं उत्तर मी शोधीन. आत्ता दगड फोडा. शाप माझ्या वंशाला लागू दे. नातू पाळण्यात आहे, त्याच्यासकट सांगते."

"शाप तुम्हाला कसा लागेल? नियम राजाचा. मोडणारे महाराज. शाप महाराजांच्या वंशाला."

राजा सिंहासनावर ताठ झाला. आतापर्यंत त्याला गंमत वाटत होती. "मग याचा नीट विचार व्हायला हवा," तो म्हणाला.

विचार सुरू झाला. शास्त्र्यांची सभा बसली. पहिला प्रश्न निघाला की दगड फोडला तर नियम मोडतो की फक्त दगड मोडतो. तो सुटला नाही. दुसरा प्रश्न प्रधानाने काढला. गाढव पुसायला पाथरवट लागणार, त्याची मजुरी कुठल्या वर्षात धरायची? यंदाचं भात तर वाटून संपलं होतं. यावर सभा फार रंगली. दोन्ही बाजूंनी उत्तम भाषणं झाली. शास्त्रीबुवा ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत बोलले. त्यांना सांगण्यात आलं की त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे.

पाटलीण तेवढं ऐकून गावी परतली. तिने गावात उरलेली माणसं, म्हाताऱ्या बायका, सून, पाळणा आणि नेता येतील तेवढी गुरं डोंगराच्या चढावर हलवली. दीर कुरकुरला, "वहिनी, उगाच घाबरवताय. बांध माझ्या आज्याने बघितलाय."

"तुझ्या आज्याने बघितला होता कारण तो दरवर्षी बघत होता. चल, रेडकू उचल."

अमावास्येच्या उधाणाला, भर सकाळी, उघाडी गेली. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. चौकट एका बाजूला कलली, दार निखळलं, आणि पाणी आत येऊ लागलं. मग दाराच्या दोन्ही बाजूंचा बांध विरघळत गेला. दुपारपर्यंत शेतं कुठे होती ते दाखवायला फक्त आंब्याचे शेंडे उरले. माणसं वाचली. उरलेली गुरं, घरं आणि जमीन गेली.

पाणी तिथे थांबलं नाही. ते राजधानीच्या सखल भागात शिरलं, कोठाराच्या पायऱ्या चढलं आणि हत्तीशाळेत गेलं. राजहत्ती गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा राहून चीत्कार करू लागला.

त्याच दुपारी राजाने पलीकडे होड्या धाडल्या. भात हवं, साग हवा, माणसं हवीत, असेल ते द्या आणि लागेल ते घ्या.

कुणीतरी भीत भीत विचारलं, "महाराज, नियम?"

राजाने प्रधानाकडे बघितलं. प्रधानाने खिडकीतून कोठाराकडे बघितलं. "दगड पाण्याखाली आहे, महाराज. आणि जो नियम वाचता येत नाही तो लागू कसा होईल?"

काठच्या गावांसाठी ज्याला शास्त्र्यांची सभा बसवूनही वाट सापडली नव्हती, त्याला हत्तीसाठी एका वाक्यात वाट सापडली. शापाची आठवण कुणालाही झाली नाही. पलीकडचा राजा ओळखीचा होता, पण बुडणाऱ्याशी सौदा करताना ओळख कोण धरतं? त्याने दिढीने नाही, दुपटीने दिलं. उघाडीला जेवढं लागलं असतं त्याच्या कितीतरी पट भात एका आठवड्यात उसनं आलं.

मग दोष कुणाचा, हे ठरवायची वेळ आली. राज्यात असं काही झालं की कुणाला तरी दोष द्यावाच लागतो. दरबार भरला. शिपायांनी बांधाच्या चिखलातून एक खेकडा पकडून आणला आणि राजासमोर ठेवला.

प्रधान म्हणाला, "याने आणि याच्या भाईबंदांनी बांध पोखरला. आरोप मान्य आहे?"

खेकड्याने डोळे वर करून दरबाराकडे बघितलं. "मान्य आहे."

प्रधान खूश झाला. "ऐकलंत, महाराज?"

"माझ्या बापानेही पोखरला," खेकडा म्हणाला. "त्याच्या बापानेही. आम्ही खेकडे आहोत, दुसरं काय करणार? आम्ही भोकं पाडत होतो आणि माणसं बुजवत होती. असं किती पिढ्या चाललं होतं. आम्ही आमचं काम सोडलेलं नाही. बुजवणारे कुठे गेले, हे मला काय विचारता?"

मग प्रधान खाकरला आणि म्हणाला, "आरोपीने गुन्हा कबूल केला आहे. दुसरा दगड कोरू. यापुढे खेकड्यांनी बांध पोखरू नये. खाली गाढव."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, ती सुद्धा गाढवाच्या साक्षीने!

पाटलीण दाराशी उभी होती. चिखलाने भरलेल्या पायांनी ती पुढे आली, वाकली, खेकडा पाठीकडून धरून उचलला आणि टोपलीत ठेवला. "याला मी खाडीत सोडते. इथे हाच एक खरं बोलला."

"पाटलीणबाई," राजा म्हणाला. त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "काय करायचं सांगा. पहिला दगड उपटून टाकू का?"

"आता ठेवलात काय आणि उपटलात काय! हत्तीच्या लग्नाच्या वेळी तुम्हाला कुणी विचारणारं नव्हतं. म्हणून मी दगड उभा केला आणि वाटलं, आता विचारायची गरज नाही. घरी जाऊन ओव्या ऐकत बसले. तिथे चुकले." तिने प्रधानाकडे बघितलं. "तुम्ही विचारलं होतंत, दर वेळी येणार का. शेत कोण बघणार, म्हणाला होतात. आता शेत नाही. मला वेळच वेळ आहे."

ती दरबारातून निघाली आणि कोठाराच्या पायरीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून कोठारातून जे भात बाहेर निघे ते नेणाऱ्याला ती विचारी, "कुणासाठी? हे खाऊन संपणार की यातून काही उभं राहणार? उसनं असेल तर फेडणार कोण, आणि त्याला विचारलंत का?" उत्तर पटलं नाही तर ती पायरीवरून उठत नसे, आणि गाडी तिच्या अंगावरून नेण्याची कुणाची हिंमत नव्हती. हत्तीचा खुराक पहिल्याच आठवड्यात कमी झाला. सूर्यास्तानंतरची मेजवानी दिवसाउजेडी आली आणि मग बंद झाली. पुढे पुढे एकेका गावाने आपलं एकेक माणूस पाळीपाळीने तिच्या शेजारी बसायला धाडलं. ते आपसात भांडत, चुकत, कधी कधी भलत्याच गाडीला जाऊ देत आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून पुन्हा भांडत. प्रधानाला हे सगळं फार गैरसोयीचं वाटे.

नवी उघाडी बसली. बांध पुन्हा उभा राहिला. पण खारं पाणी जमिनीत मुरलं की ते माणसांच्या घाईने निघत नाही. पावसाच्या पाण्याने ती जमीन हळूहळू धुतली जाते. दर पावसाळ्यानंतर पाटलीण आपल्या शेतात जाई, चिमूटभर माती जिभेवर ठेवी, थुंकून टाकी आणि कोठाराच्या पायरीकडे परत येई. नातू मोठा झाला. तो तिच्याबरोबर जाऊ लागला. पाटलीण वारली त्या वर्षीही त्याने माती चाखली. माती अजून खारट होती.

बोध: उधळ्या राजाला आवरायला आणि बुडत्या बांधाला सावरायला कुठलाही कोरलेला नियम पुरत नाही, खर्च कशासाठी होतोय, हे दरवर्षी दारात बसून विचारणारी माणसं लागतात.